पीळ सुटला, आजार नाही

"दोन दिस झालं, वारा सरंना." मंगळवेढ्याकडून आलेल्या सत्तरीतल्या आजोबांची तक्रार एवढीच. पोट मात्र टरटरून फुगलेलं, एका अंगाला जास्तच वर आलेलं. टिचकी मारली की पोकळ वाजतं. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये असं पोट दिसलं की सर्जनचा पहिला संशय आतड्याच्या पिळावर.

मोठ्या आतड्याचा गुदाशयाआधीचा भाग म्हणजे सिग्मॉइड. काहींचा तो वाजवीपेक्षा लांब असतो आणि त्याला धरणाऱ्या पडद्याचं बूड अरुंद. त्यात उतारवय, जुनी बद्धकोष्ठता, अंथरुणाला खिळणं. मग तो स्वतःभोवतीच फिरतो. एक्स-रेत कॉफीच्या बीसारखा आकार दिसतो: दोन फुगीर बाजू, मधे जाड रेघ. पुस्तकं चोथ्याच्या आहाराकडेही बोट दाखवतात. पण भाकरीवर खापर फोडू नका. जन्मभर ज्वारी खाऊन ठणठणीत असलेले इथे गल्लोगल्ली आहेत.

सलाईन लावून, नाकातून नळी घालून आधी रक्तातले क्षार बघतात. ताप, धावती नाडी, दाबल्यावर कडक होणारं पोट असेल तर आतडं सडल्याची शंका, आणि मग थेट ऑपरेशन. नाही तर आजोबांना डाव्या कुशीवर वळवून गुदद्वारातून दुर्बीण घालतात. पिळाशी आतड्याच्या घड्या गोल फिरून मिटलेल्या दिसतात. थोडी हवा सोडत, जोर न लावता पुढे सरकायचं. एकदम वाट मिळते आणि वारा, पातळ शौच भसकन बाहेर येतं. जुना वॉर्डबॉय आधीच बाजूला झालेला असतो. नवा इंटर्न त्या दिवशी शिकतो. पोट डोळ्यांदेखत बसतं. मऊ नळी आतच ठेवून मांडीला चिकटवतात, एक ते तीन दिवस. नॉर्वेच्या ब्रूसगार्ड यांनी १९४७ मध्ये या उपचाराचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हापासून तो रुळला.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी. आजोबा चहा मागतात, मुलगा डिस्चार्ज. "बरे झाले की, साहेब. या वयात ऑपरेशन कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण नुसता पीळ सोडवून घरी गेलेल्या कित्येकांना तो पुन्हा पडतो. तेव्हा यायला उशीर झाला तर सडलेलं आतडं घाईत काढावं लागतं, पोटावर पिशवी येते, जिवाचा धोकाही वाढतो. त्यापेक्षा त्याच मुक्कामात, तब्येत झेपत असेल तर, लांबलेला भाग काढून टोकं जोडणं बरं. हृदय, फुप्फुसं अगदीच थकली असतील तर हिशोब वेगळा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं पोट फुगलं आणि वारा-शौच दोन्ही अडले, तर एरंडेल, चूर्ण, एनिमा करत रात्र काढू नका. सर्जन असलेल्या दवाखान्यात न्या. आणि पीळ सुटला, तरी ऑपरेशनचं विचारल्याशिवाय डिस्चार्ज मागू नका.