‘मेडिकलमधून आणलीय, काही होत नाही’

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरच्या लग्नाळू मुली अचानक उजळू लागतात. महिनाभरापूर्वी उन्हाने रापलेली, रांजणगावच्या कंपनीत तीन पाळ्यांत काम करणारी पोरगी हळदीच्या आधीच निमगोरी दिसायला लागते. आत्या विचारते, ‘काय लावतेस गं?’ उत्तर ठरलेलं असतं. ‘क्रीम नाही आत्या, ट्यूब आहे. मेडिकलमधून आणलीय, काही होत नाही.’ दौंड-पुणे डेमूत हे ऐकलं, शिरूरच्या बाजारात ऐकलं, सुशिक्षित घरांत तर जास्तच ऐकलं. आता ऐकवत नाही, म्हणून हा लेख.

मेडिकलमध्ये मिळते म्हणून निर्धोक, हा तर्क मला आजवर कळलेला नाही. मेडिकलमध्ये इन्सुलिनही मिळतं. शेजारणीला लागू पडलं म्हणून कुणी तिचं इन्सुलिन टोचून घेत नाही. मग शेजारणीची ट्यूब आपल्या गालाला का?

ट्यूबचा खोका फेकून देण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन यांपैकी एखादं नाव बहुतेक वेळा सापडेल. ही सगळी स्टिरॉइडं. (क्लोट्रिमॅझोल, केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं, त्यांच्याशी गल्लत नको.) गोरं होण्यासाठी सर्रास खपणाऱ्या ट्यूबमध्ये साधारणपणे तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. अशा तीन प्रकारच्या औषधांच्या मिश्रणाची मूळ कल्पना अमेरिकी त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांची, १९७५ सालची, आणि ती होती वांगासाठी, म्हणजे गालावरच्या तपकिरी डागांसाठी. अमेरिकेत २००२ साली अशा मिश्रणाला मंजुरी मिळाली तेव्हा त्यात फ्लुओसिनोलोन हे सौम्य स्टिरॉइड होतं, तेही ०.०१ टक्के, आणि वापराची मुदत आठ आठवडे. आपल्याकडच्या ट्यूबमध्ये त्याहून जोरकस मोमेटासोन असतं आणि मुदत असते लग्न होईपर्यंत. लग्नानंतर सासरीही चालूच.

‘पण फरक तर पडतो ना?’ पडतो. का पडतो, ते समजून घ्या. स्टिरॉइडमुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. तिथलं रक्त कमी झालं की कातडी फिकट पडते. हा परिणाम इतका हमखास आहे की १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टॉटन या संशोधकांनी त्याच्यावरच मलमांचा जोर मोजण्याची पद्धत बसवली. हाताच्या आतल्या बाजूला मलम लावायचं आणि कातडी किती पांढरी पडते ते पाहायचं. जितकी पांढरी तितकं औषध जालीम. तेव्हा ‘आठ दिवसांत उजळले’ याचा अर्थ एवढाच की नाजूक चेहऱ्यावर जोरकस औषध गेलं आहे. यात सौंदर्य कुठेही आलं नाही. शिवाय स्टिरॉइड रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींनाही मंदावतं आणि मुरुमांची सूज तात्पुरती दाबतं. म्हणून पहिले काही आठवडे चेहरा खरोखर फोटोत येण्याजोगा दिसतो, आणि नेमकं तेव्हाच मैत्रिणी ट्यूबचं नाव विचारून घेतात.

पुढचं कुणी विचारत नाही. त्वचा पातळ होते. गालावर लाल रेषा दिसू लागतात, त्या खालच्या रक्तवाहिन्या. उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. एकाच आकाराच्या बारीक पुटकुळ्या येतात, ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती पुरळ उठतं. हनुवटीवर, कल्ल्यांजवळ लव वाढते, आणि तिचा आळ येतो बिचाऱ्या पार्लरवालीच्या थ्रेडिंगवर. डोळ्यांजवळ दीर्घकाळ लावलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो.

सगळ्यांत फसवा प्रकार ट्यूब सोडल्यावर सुरू होतो. इतके दिवस आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात. चेहरा लालबुंद होतो, आग होते, खाज सुटते, दाबून ठेवलेले मुरूम दुपटीने वर येतात. त्यावरून मुलगी अनुमान काढते की ट्यूब होती तोवर चांगलं होतं, बंद केली म्हणून बिघडलं. ती पुन्हा लावते, दोन दिवसांत आराम पडतो, आणि खात्री पटते. या अनुमानाला हसू नये. दिसतं तसंच ती सांगते आहे. पण कारण नेमकं उलटं आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला रीतसर नाव दिलं आहे, ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा.

हे एखाद-दुसऱ्या मुलीचं दुखणं असेल असं वाटत असेल, तर भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात २०११ साली छापलेला एक अभ्यास पाहा. देशातल्या बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, म्हणजे साधारण सातांत एक. त्यांतल्या ५९ टक्के लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. जोरकस स्टिरॉइडांचा वापर शहरापेक्षा गावांत आणि उपनगरांत जास्त आढळला. आणि ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, त्यांच्यातही दहांपैकी आठांहून अधिक जणांनी जुन्याच चिठ्ठीवर पुनःपुन्हा ट्यूब आणली होती. तेव्हा ‘मला डॉक्टरांनीच दिलीय’ म्हणणाऱ्यांनीही चिठ्ठीवरची तारीख एकदा पाहावी.

पोरांनी हसायचं कारण नाही. त्याच अभ्यासात दाढीनंतर चोळायला स्टिरॉइड वापरणारेही सापडले. पोलीस भरतीसाठी भर उन्हात धावणारी, दाढीच्या जागी पुटकुळ्या आलेली मुलं हीच ट्यूब घेतात, फक्त त्याला गोरेपणा म्हणत नाहीत.

कायदा काय म्हणतो? स्टिरॉइडची मलमं एकेकाळी चिठ्ठीशिवाय विकायला पळवाट होती. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा मलमं अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ‘गोरं व्हायची ट्यूब द्या’ म्हटलं की काउंटरवर ट्यूब येते. दुकानदाराला दोष आहेच. पण चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदाराला ‘फार नखरे करतो’ म्हणून शेजारच्या दुकानात जाणारं गिऱ्हाईक आपल्याच घरातलं असतं.

यातून स्टिरॉइड हे विष आहे असा उलटा गैरसमज करून घेऊ नका. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटेन यांनी त्वचेवर हायड्रोकॉर्टिसोन लावून पाहिलं आणि इसबासारख्या रोगांचे उपचारच बदलून गेले. योग्य जागी, योग्य ताकदीचं, मोजके दिवस लावलं तर ते उत्तम औषध आहे. सावळा रंग हा मात्र रोग नाही, त्यामुळे त्यावर औषधाचा प्रश्नच येत नाही. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक त्या किती आणि कसं रंगद्रव्य बनवतात याचा, आणि ते ठरतं आनुवंशिकतेने. उन्हाने रापलेला थर निवळू शकतो. जन्मजात रंग कायमचा बदलणारी क्रीम कुठल्याही दुकानात नाही. १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या नावातून २०२० साली ‘फेअर’ हा शब्द कंपनीनेच काढून टाकला. आपल्या स्थळाच्या बायोडेटातून ‘रंग: गोरा’ अजून गेलेला नाही.

याच कुळातली दुसरी ट्यूब नायट्याची. उसाच्या फडात घामाने भिजलेले कपडे, कुरकुंभच्या कारखान्यात दिवसभर अंगावर असलेला जाड गणवेश, घरात सगळ्यांना मिळून एक पंचा. बुरशीला आणखी काय हवं? मग दुकानातून ‘थ्री इन वन’ मलम येतं: बुरशीनाशक, जंतुनाशक आणि क्लोबेटासोल. खाज दोन दिवसांत थांबते, कारण स्टिरॉइडने सूज दाबली. बुरशी खाली निवांत पसरत राहते, आणि नायट्याची ओळखीची गोल कडा पुसट झाल्याने डॉक्टरही चकतात. भारतात पसरलेल्या, टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणाऱ्या बुरशीला २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव मिळालं. २०२३ मध्ये ती अमेरिकेतही नोंदली गेली. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावाचं एक कारण तज्ज्ञ मानतात. नायटा असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, पंचे वेगळे करा आणि खाज थांबली तरी पूर्ण मुदतीचं औषध घ्या.

आता वांग. पोट साफ नसलं की वांग येतो, लिव्हर बिघडलं की येतो, असं सांगून चूर्ण विकणारे बरेच आहेत. वांगाची खरी कारणं म्हणजे ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्यांतली हार्मोन्स आणि घराण्याचा वारसा. उष्णतेनेही तो गडद होतो, त्यामुळे राहू-केडगावकडे गुऱ्हाळात चुलवाणासमोर उभं राहणाऱ्यांना नुसती सावली पुरत नाही. ‘आम्ही सावळे, आम्हाला सनस्क्रीन कशाला’ हेही खरं नाही; भाजण्यापासून सावळ्या त्वचेला थोडं संरक्षण असतं, पण वांग आणि काळे डाग सावळ्या त्वचेवरच जास्त बसतात. एसपीएफ ३० चं साधं सनस्क्रीन पुरे, बोटाच्या टोकाएवढं लावून भागत नाही, दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं. डोक्याला आणि तोंडाला ओढणी गुंडाळून कांदा काढणाऱ्या बायका मात्र कुणी न शिकवता बरोबर वागतात, हे कबूल करायलाच हवं.

लिंबू चोळून उन्हात गेलात तर डाग जाण्याऐवजी नवे पडतील. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा भाजतात. खाण्याचा सोडा तर नकोच, त्वचा मुळात किंचित आम्ल असते. मुरुमावर टूथपेस्ट लावायची नाही, ती दातांसाठी आहे. रेझर फिरवला की केस दाट येतात हा समज मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच मोजमाप करून खोटा ठरवला. पोरांच्या गालावरचे फिकट चट्टे कॅल्शियम कमी झाल्याचे नसतात, बहुतेक वेळा ती कोरडी त्वचा असते. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला तर आधी टिकली बदला, तिच्या गोंदातल्या एका रसायनाने तिथला रंग जातो. कोड स्पर्शाने पसरत नाही आणि दुधाबरोबर मासे खाल्ल्याने होत नाही. पाणी भरपूर प्या, पण त्याने कुणी गोरं झालेलं नाही.

ट्यूब परवडली असं वाटावं, इतका वाईट एक प्रकार आहे: पार्लरमध्ये किंवा ओळखीतून मिळणारी, डबीवर धड काही न लिहिलेली क्रीम. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या मायलेकी, तिघींची मूत्रपिंडं बिघडली; तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासली, तेव्हा तिच्यात पारा निघाला. केरळमधल्या डॉक्टरांनी नंतर अशाच रुग्णांचा अभ्यास ‘किडनी इंटरनॅशनल’मध्ये मांडला: एका विशिष्ट मूत्रपिंड-विकाराच्या १५ रुग्णांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. पारा रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो, आणि तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालताच येत नाही. नकळत आलेला असला तरी दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आणि ट्यूब आधीच चालू असेल तर घाबरून आज रात्री ती कचऱ्यात टाकून मोकळं होऊ नका, आणि आग होते म्हणून महिन्याभराने पुन्हा विकतही आणू नका. खोक्यासकट ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पुण्यात ससूनला त्वचारोग विभाग आहे. ट्यूब कशी आणि किती दिवसांत सोडायची हे ते ठरवतील. बरं व्हायला काही महिने लागू शकतात, त्या काळात लग्न असेल तर लग्न सावळ्या रंगात लागू द्या. दुकानात यापुढे कुठलीही ट्यूब घेताना बिल मागा आणि मागची नावं वाचा. वाचता आली नाहीत तर घरातल्या बारावी सायन्सच्या पोराकडून वाचून घ्या, पण वाचल्याशिवाय लावू नका.