शिक्षकांची ‘मेडिकल’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘मेडिकल रजा’ हा शब्द शाळाशाळांतून रोज ऐकू येतो, पण रजा नियमांत त्या नावाची स्वतंत्र रजा नाही. शिक्षकाच्या रजा खात्यात मुख्यतः अर्धवेतनी रजा साठत जाते. ‘मेडिकल’ म्हणजे ती काढताना जोडायचा वैद्यकीय दाखला. रजा आणि दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचा हिशेबही चुकतो, आणि त्याचा फटका ऐन आजारपणात बसतो.

धाराशिव जिल्ह्यात भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंतच्या आठही तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ‘महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१’ लागू आहेत. खासगी अनुदानित शाळांतील शिक्षकांसाठी १९७७चा खासगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि त्याखालची १९८१ची नियमावली आहे. तिच्यातला नियम १६ रजेविषयीचा आहे. त्यामुळे गावातल्या हायस्कुलात चालते तेच जिल्हा परिषद शाळेत चालेल, असे गृहीत धरता येत नाही. पुढील विवेचन जिल्हा परिषद शिक्षकांपुरते आहे.

सर्वांत पक्का बसलेला गैरसमज म्हणजे ‘वर्षाला वीस मेडिकल, त्याही पूर्ण पगारी’. वीस दिवस खरे, पण ते अर्ध्या पगाराचे. १ जानेवारी आणि १ जुलै रोजी प्रत्येकी १० दिवस खात्यात जमा होतात. वैद्यकीय दाखल्यावर हीच रजा पूर्ण पगारी करून घेता येते. तिला परिवर्तित रजा म्हणतात. मात्र तिच्या एका दिवसासाठी खात्यातून दोन दिवस वजा होतात. समजा, दहा वर्षांच्या सेवेत एकही अर्धवेतनी रजा न घेतलेल्या उमरग्याच्या शिक्षिकेला डेंग्यू झाला आणि सोलापुरात उपचार घेऊन त्या १८ दिवसांनी शाळेत परतल्या. त्यांच्या २०० दिवसांतून ३६ जातात, १६४ उरतात. म्हणजेच वर्षाच्या जमेतून पूर्ण पगाराचे जास्तीत जास्त दहाच दिवस निघतात. न वापरलेले दिवस वर्षअखेरीस बुडत मात्र नाहीत. किरकोळ रजेसारखी ही रजा ३१ डिसेंबरला संपत नाही, म्हणून ‘संपवायची म्हणून’ टाकण्यात काहीच शहाणपण नाही. मोठे दुखणे कधी येईल ते सांगता येत नाही, आणि तेव्हा हेच साठलेले दिवस घर चालवतात.

परिवर्तित रजा देताना कर्मचारी कामावर परतेल, ही अपेक्षा धरलेली असते. न परतता राजीनामा दिला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर ती रजा अर्धवेतनी धरून फरक वसूल होतो. निवृत्ती आजारपणामुळेच घ्यावी लागली किंवा मृत्यू ओढवला, तर वसुली होत नाही.

खाते रिकामे झाले म्हणजे दार बंद झाले असेही नाही. कायम कर्मचाऱ्याला अनर्जित रजा मिळू शकते. संपूर्ण सेवेत तिची मर्यादा ३६० दिवस असून पुढे कमावल्या जाणाऱ्या अर्धवेतनी रजेतून ती फेडली जाते. त्याहीपुढे बिनपगारी असाधारण रजा आहे. ती वैद्यकीय दाखल्यावर घेतलेली असेल, तर तो काळ वेतनवाढीसाठी धरला जातो. त्यामुळे ‘पगारच नाही, मग दाखला कशाला’ असे म्हणणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो.

दाखल्याविषयीच्या कल्पनाही तपासायला हव्यात. तो सरकारी दवाखान्याचाच हवा, असे बंधन अराजपत्रित कर्मचाऱ्यावर नाही. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीचा दाखलाही चालतो. शंका आल्यास मंजुरी देणारा अधिकारी जिल्हा शल्यचिकित्सकापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून दुसरे मत घेऊ शकतो. लेटरपॅडवरची ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढी एक ओळ मात्र पुरत नाही. विहित नमुन्यात कर्मचाऱ्याची सही, आजाराचे नाव, रजेचा कालावधी आणि ती कोणत्या तारखेपासून हवी हे लिहावे लागते, आणि डॉक्टरांनी स्वतः तपासल्याचे प्रमाणित करावे लागते. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेविषयीच्या २००२च्या विनियमांनुसार प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि दिलेल्या दाखल्यांची नोंदवहीही डॉक्टरांना ठेवावी लागते. मागची तारीख घालून आणलेला कागद त्या वहीपाशी उघडा पडू शकतो. खोटा दाखला देणे हे डॉक्टरांच्या बाजूनेही गैरवर्तन ठरते.

दाखला जोडला की रजा मिळालीच, हेही खरे नाही. रजा हक्क म्हणून मागता येत नाही आणि दाखल्याने तो हक्क निर्माण होत नाही, असे नियम स्पष्ट सांगतात. पण याची दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. अधिकारी रजा नाकारू शकतो, तरी मागितलेल्या आणि शिल्लक असलेल्या रजेचा प्रकार तो परस्पर बदलू शकत नाही. परिवर्तित रजेचा अर्ज असाधारण रजेत ढकलायचा, तर त्यासाठी कर्मचाऱ्याची लेखी विनंती लागते. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाशी पत्रव्यवहार करताना ही तरतूद शिक्षकाला भक्कम आधार देते. अर्जाची पोहोच जपून ठेवावी ती यासाठीच.

रविवार मोजण्यातही घोटाळा होतो. किरकोळ रजेच्या मध्ये आलेला रविवार त्या रजेत धरत नाहीत. अर्धवेतनी किंवा परिवर्तित रजेच्या मध्ये आलेला धरतात. किरकोळ रजा या दुसऱ्या रजांना जोडताही येत नाही.

आजारपण संपल्यावरचा ‘फिटनेस’ अनेकांना निव्वळ उपचार वाटतो. प्रत्यक्षात वैद्यकीय कारणावर रजा घेतलेल्या शिक्षकाला प्रकृती ठीक असल्याचा दाखला दिल्याशिवाय रुजू होता येत नाही. मुख्याध्यापकांनी आपुलकीने हजेरीपटावर सही करू दिली, तरी पुढे पगाराच्या वेळी अडचण येते.

प्रसूती रजेचा या हिशेबाशी संबंध नाही. १८० दिवसांची ती रजा कोणत्याही रजा खात्यातून वजा होत नाही.

‘दाखला नंतर देऊ’ म्हणून अर्जच न करणे सर्वांत महागात पडते. दोनशिक्षकी शाळेत एक जण न कळवता राहिला, तर उरलेल्या शिक्षकाला सगळे वर्ग एकट्याने सांभाळावे लागतात. आजाऱ्याने फोनवर कळवून घरच्यांकरवी अर्ज पाठवला, तरी निदान केंद्रप्रमुखांना पर्यायी सोय बघता येते. मंजूर रजा संपल्यावर मुदतवाढ न घेता राहिलेले दिवस शिल्लक असेपर्यंत अर्धवेतनी रजेतून कापले जातात, त्यांचा पगार मिळत नाही, आणि जाणूनबुजून गैरहजर राहिल्याचे दिसले तर शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते.