८३ एक्स म्हणजे नेमकं किती लांबचं?

दुकानात सुपरझूम कॅमेरा विकला जातो तो एका आकड्यावर. ५० एक्स, ८३ एक्स, १२५ एक्स. आकडा मोठा म्हणजे जास्त लांबचं दिसणार, असं गिऱ्हाईक धरून चालतं. प्रत्यक्षात तो निव्वळ एक भागाकार आहे: लेन्सची सर्वांत मोठी फोकल लेंग्थ भागिले सर्वांत लहान. निकॉनचा पी९०० हा कॅमेरा २०१५ साली बाजारात आला, तो २४ ते २००० मिलिमीटरचा. २००० भागिले २४ केलं की ८३ येतात. हीच लेन्स २४ ऐवजी ४८ पासून सुरू झाली असती, तर लांबचं टोक जसंच्या तसं राहूनही आकडा निम्म्यावर आला असता. लांबचं किती स्पष्ट दिसेल, हे ठरवणारा आकडा वेगळाच आहे आणि तो खोक्यावर छापलेला नसतो.

मुळात ते २००० मिलिमीटरही खरे नव्हेत. या लेन्सची खरी फोकल लेंग्थ, म्हणजे शाळेत शिकलेलं नाभीय अंतर, ४.३ ते ३५७ मिलिमीटर इतकीच आहे. २००० हा आकडा जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने सांगतात. कॅमेऱ्याचा सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. लेन्सने पाडलेल्या चित्रातला मधला एवढासा तुकडाच तो टिपतो, म्हणून दृश्य जवळ आल्यासारखं भासतं. महागड्या कॅमेऱ्यांतला फुल फ्रेम सेन्सर क्षेत्रफळात याच्या तीसपट असतो. सेन्सर इतका लहान आहे म्हणूनच साधारण ९०० ग्रॅमच्या कॅमेऱ्यात एवढा झूम मावतो, आणि नव्याने घेतलेल्या सुपरझूमबद्दल आठवडाभरात ज्या तक्रारी सुरू होतात त्यांतल्या निम्म्याअधिक याच लहान आकारातून येतात.

पहिली तक्रार असते ती पक्षी सापडतच नाही ही. पूर्ण झूमवर चौकटीची रुंदी जेमतेम एक अंश उरते. चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो. १०० मीटरवरच्या झाडाची सुमारे पावणेदोन मीटर रुंदीची पट्टी फक्त दिसते, आणि तेवढ्यातच फांदीवरचा खंड्या शोधायचा असतो. सवय अशी लावून घ्यावी: आधी झूम न करता पक्ष्याजवळची एखादी ठळक खूण पकडायची, फांदीचं बेचकं किंवा विजेच्या तारेवरचा चिमटा, आणि ती चौकटीच्या मधोमध धरूनच पुढे सरकायचं. लेन्सच्या कडेला एक बटण असतं. ते दाबून धरलं की झूम थोडा मागे येतो, पक्षी पुन्हा नजरेत आला की सोडायचं, झूम आपसूक पूर्वीच्या जागी जातो. हे बटण कितीतरी लोक कधी दाबूनच पाहत नाहीत. माझं ठाम मत आहे की पहिला महिनाभर ५००-६०० मिलिमीटरच्या पुढे जाऊच नये. डोळा आणि हात यांची गाठ तिथे बसते, पुढचं सोपं जातं.

दुसरी तक्रार: फोटो हलतो. याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. एक अंशाच्या पट्टीवर ४,६०८ पिक्सेल पसरलेले असतात. हात अंशाच्या दहाव्या भागाएवढा हलला तरी चित्र साडेचारशे पिक्सेल सरकतं. जुना दंडक असा की शटर स्पीड फोकल लेंग्थच्या उलट ठेवावा, म्हणजे २००० मिलिमीटरला एका सेकंदाचा २००० वा भाग. कॅमेऱ्यातली कंपनरोधक यंत्रणा एक भिंग हाताच्या हालचालीच्या उलट दिशेने सरकवून यात मोठी सवलत देते, पण ती फक्त तुमचा हात सावरते. मान वळवणारा बगळा तिच्या हाताबाहेरचा. म्हणून पक्ष्यांसाठी शटर स्पीड किमान १/५०० च्या आसपास ठेवावा आणि आयएसओ वाढला तर वाढू द्यावा. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर कंपनरोधक यंत्रणा बंद करावी आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. बटण दाबण्याचा धक्काही या झूमवर दिसतो.

सगळ्यांत जास्त गैरसमज मात्र तिसऱ्या तक्रारीबद्दल आहे. ‘हात स्थिर होता, फोकस लागला होता, ट्रायपॉड होता, तरी फोटो मऊ आला.’ कॅमेरा सदोष आहे असं वाटून माणसं तो दुरुस्तीला देतात. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. सकाळी सातला तीनशे मीटरवरच्या रोहिताच्या पंखाची गुलाबी किनार वेगळी दिसते. अकरा वाजता तोच पक्षी, तेच अंतर, तोच कॅमेरा. पण त्याचे लांब पाय आता नागमोडी झालेले असतात, चोचीचा काळा शेंडा क्षणाक्षणाला जाड-बारीक होतो आणि पिसं एकमेकांत मिसळून जातात. उन्हाने जमीन तापते, जमिनीलगतची हवा तापते, गरम हवेचे लोट थंड हवेत घुसळत वर चढतात. गरम आणि थंड हवेचा अपवर्तनांक किंचित वेगळा, त्यामुळे पक्ष्याकडून येणारा प्रकाश वाटेत शेकडो वेळा इकडेतिकडे वळतो. नुसत्या डोळ्यांना हे फारसं जाणवत नाही. झूम मात्र पक्ष्याबरोबर हवेची थरथरही तितक्याच पटीने मोठी करतो. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये दुर्बिणीची हीच अडचण नोंदवली होती, आणि उंच डोंगरावरच्या शांत हवेखेरीज तिला उपाय नाही असं म्हटलं होतं. आज हजारो रुपयांची लेन्स घेतली तरी त्या निदानात बदल झालेला नाही. पक्षी निरीक्षकाकडे उपाय दोनच: पहाटे जाणं, आणि जवळ जाणं. डांबरी रस्त्यापलीकडचा किंवा एसी लावलेल्या गाडीच्या उघड्या खिडकीतून टिपलेला फोटो तर हमखास मऊ येतो, कारण तापलेली आणि गार हवा तिथे प्रकाशाच्या वाटेत किंवा थेट लेन्सच्या तोंडाशीच मिसळत असते.

इथे एका वादाचा उल्लेख करायला हवा. ‘पृथ्वी सपाट आहे’ असं मानणाऱ्या मंडळींनी याच पी९०० चे व्हिडिओ पुरावा म्हणून जगभर फिरवले. क्षितिजाआड गेलेलं जहाज झूम केल्यावर पुन्हा दिसतं, म्हणजे समुद्राला बाक नाही, असा त्यांचा युक्तिवाद. डोळ्याची बारकावा टिपण्याची मर्यादा एक कला (अंशाचा साठावा भाग) आहे आणि या कॅमेऱ्याची सुमारे अडीच विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), म्हणजे वीसपटीहून बारीक. जे जहाज ‘गेलं’ असं वाटतं ते क्षितिजाआड गेलेलं नसतंच, डोळ्यासाठी फार लहान झालेलं असतं. खरं क्षितिज ओलांडलेलं जहाज घ्या. अलिबागच्या वाळूवर उभं राहिलेल्या माणसाला क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर दिसतं. वीस किलोमीटरवरच्या मालवाहू जहाजाचा खालचा साधारण १५ मीटर भाग पाण्याआड असतो, आणि कितीही झूम केला तरी तो वर येत नाही. रचून ठेवलेले कंटेनर दिसतात, त्यांना पेलणारा सांगाडा दिसत नाही. ताऱ्यांची थरथरणारी वर्तुळं दाखवून ‘हे खरे तारे’ म्हणणारे व्हिडिओ तर फोकस चुकल्याचे आणि हवा घुसळल्याचे नमुने आहेत. मॅन्युअल फोकस लावला की तारा पुन्हा बिंदू होतो.

फोकसची गोष्ट निघालीच आहे. या वर्गातले बहुतेक कॅमेरे चित्रातल्या काळ्या-पांढऱ्याचा फरक मोजत फोकस शोधतात. भिंग थोडं पुढे नेऊन फरक वाढला का पाहायचं, कमी झाला तर मागे यायचं. धुक्यात, संध्याकाळी किंवा एकरंगी आकाशाखाली हा फरकच इतका क्षीण असतो की लेन्स पुढेमागे करत राहते आणि शेवटी हिरव्याऐवजी लाल चौकोन दाखवून थांबते. पक्ष्यासमोर गवताचं एखादं पातं असेल तर कॅमेऱ्याला पातंच आवडतं, त्याची कडा जास्त ठळक असते. फोकसचा चौकोन सर्वांत लहान करावा, तो पक्ष्याच्या डोळ्यावर किंवा त्याच अंतरावरच्या एखाद्या ठळक कडेवर धरावा, अर्धं बटण दाबून फोकस पकडावा आणि मग चौकट जुळवावी. चंद्राच्या बाबतीत अडचण प्रकाशाची: कॅमेरा काळ्या आकाशाची सरासरी काढतो आणि चंद्राची पांढरी थाळी करून ठेवतो. चंद्र उन्हात उभा असलेला खडक आहे. आयएसओ १००, एफ ६.५ आणि १/२५० च्या आसपास शटर स्पीड एवढ्यावर पौर्णिमेच्या चंद्राचे काळे-करडे डाग उमटतात. चंद्रकोर असेल तर शटर थोडा संथ करावा. विवरांच्या कडा मात्र तेव्हाच उठून दिसतात.

आता तो खोक्यावर नसलेला आकडा. खरी फोकल लेंग्थ भागिले एफचा आकडा, म्हणजे लेन्सचं प्रकाशाला उघडं असलेलं तोंड. पी९०० साठी ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मिलिमीटर. प्रकाश लहरींनी बनलेला असल्यामुळे कोणत्याही गोल तोंडातून आत आला की थोडा पसरतोच. एक बिंदू सेन्सरवर बिंदू न राहता छोटी चकती होतो. जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये या चकतीचं गणित मांडलं. पी९०० च्या पूर्ण झूमवर ही चकती जवळपास नऊ मायक्रोमीटर रुंद पडते, आणि सेन्सरचा एक पिक्सेल १.३४ मायक्रोमीटरचा. एका बिंदूवर सहाहून अधिक पिक्सेल खर्ची पडतात. म्हणून पूर्ण झूमवरचा १६ मेगापिक्सेलचा फोटो ८ मेगापिक्सेलवर आणला तरी बारकाव्यात काही गमावत नाही. म्हणूनच डिजिटल झूम कायमचा बंद ठेवावा, आणि पूर्ण झूमवर ॲपर्चर आणखी बारीक करू नये.

याच आकड्याने नव्या कॅमेऱ्याची खरेदी जोखावी. २०१८ चा पी१००० हा १२५ एक्स: ५३९ भागिले ८, म्हणजे ६७ मिलिमीटर. झूमचा आकडा दीडपट वाढला, लांबच्या पक्ष्याकडून मिळणारा प्रकाशही जवळजवळ दीडपट. बारकाव्यातली वाढ मात्र वीस-बावीस टक्क्यांची, आणि वजन १,४१५ ग्रॅम. सोनीचा २०१७ चा आरएक्स१० मार्क ४ एक इंची सेन्सरचा, किमतीने फार वरचा, झूम फक्त ६०० मिलिमीटरपर्यंत. त्याचं गणित २२० भागिले ४. उत्तर पुन्हा ५५. तीनशे मीटरवरच्या रोहिताकडून पी९०० ला आणि सोनीला सारखाच प्रकाश मिळतो. मग सोनीचे जास्त पैसे कशाचे? उडता पक्षी पकडणाऱ्या वेगवान फोकसचे, सेकंदाला २४ फोटोंचे, रॉ फाइलचे, आणि ६०० मिलिमीटरपर्यंतच्या कामात कितीतरी मोठ्या तोंडाचे. ज्याला बागेतले आणि पाणवठ्यावरचे पक्षी टिपायचे आहेत त्याने तो जरूर घ्यावा. ज्याला फक्त ‘अजून लांबचं’ हवं आहे त्याची निराशा होईल. मोठी उडी मारायची असेल तर लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणि ६०० मिलिमीटर एफ ६.३ ची लेन्स: ९५ मिलिमीटरचं तोंड, जवळजवळ तिप्पट प्रकाश, आणि लेन्सचंच वजन दोन किलोच्या घरात. ते वजन घेऊन चार तास चालता येईल का, हा प्रश्न खरेदीआधी स्वतःला विचारायचा.

प्रकाश तिप्पट झाल्याने होतं काय, तेही पाहू. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एका ठिकाणी सरासरी १०० फोटॉन येणार असतील तर १० इकडेतिकडे होतात, म्हणजे दहा टक्के गोंधळ. दहा हजार येणार असतील तर १००, म्हणजे एकच टक्का. फोटोतले दाणे बहुतांशी हेच. ते लपवायला कॅमेरा जेपीईजी बनवताना चित्र घासूनपुसून गुळगुळीत करतो आणि त्यात पिसांचे तंतूही पुसले जातात. पी९०० मध्ये रॉ फाइल, म्हणजे अशी घासपूस न झालेली मूळ नोंद, मिळत नाही. २०२० मध्ये आलेल्या पी९५० मध्ये आणि पी१००० मध्ये मिळते. मला हा फरक झूमच्या आकड्याहून मोलाचा वाटतो.

खरे बिघाड या तक्रारींहून कमी, पण कोकणात आणि मुंबईत ठरलेले. लेन्स बाहेर येताना हवा आत खेचते, हवेबरोबर धूळ आणि दमटपणा. किनाऱ्यावरच्या वाळूचा एक कण नळ्यांच्या फटीत अडकला की ‘कर्र’ असा आवाज येतो, लेन्स अर्ध्यावर थांबते आणि पडद्यावर लेन्स एरर उमटते. अशा वेळी आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून पाहावी, कारण अशक्त बॅटरीवर मोटर दमते. तरीही अडली तर हाताने ओढू नये, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. पावसाळ्यात कपाटात चामडी केसमध्ये बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगांवर बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि पाच-सातशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढ्यात काम भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा.

जुना कॅमेरा विकत घेणार असाल तर दुकानात दहा मिनिटं मागून घ्या. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च तिरका मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का पाहा. झूम चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करून कान द्या. मोकळ्या आकाशाचा पूर्ण झूमवर फोटो काढा. त्यात काळसर ठिपके दिसले आणि कॅमेरा हलवल्यावरही ते त्याच जागी राहिले, तर धूळ सेन्सरवर आहे, आणि या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नसल्यामुळे ती काढायला सगळा कॅमेरा उघडावा लागतो. शेवटी समोरच्या इमारतीच्या विटांच्या भिंतीचा सरळ उभं राहून एक फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. तीन कोपरे स्पष्ट आणि एक मऊ असेल, तर तो कॅमेरा बहुधा कधीतरी पडलेला आहे आणि आतलं भिंग वाकडं बसलं आहे. तो घेऊ नका, कितीही स्वस्त मिळत असला तरी.