पाणी तापले की क्षार कोठे जातात?

गरम पाण्यात पदार्थ अधिक विरघळतो, हा नियम आपण प्रयोगशाळेत शिकतो आणि परीक्षेत लिहून येतो. सोऱ्याच्या बाबतीत तो पुरेपूर खरा आहे. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 32 ग्रॅम सोरा विरघळतो. 100 अंशांना सुमारे 245 ग्रॅम. मिठाच्या बाबतीत मात्र वाढ थोडी, 36 ग्रॅमचे 39 एवढीच. आणि घरच्या बंबात किंवा गीझरमध्ये डोकावले, तर नियम पार उलटलेला दिसतो. विहिरीचे निवळ पाणी तापते आणि त्यातूनच धातूवर पांढरे पूट चढते. असे का व्हावे?

बंबातील पूट मुख्यतः चुनखडीचे असते. पाणी तापले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व त्याच्या आधाराने विरघळलेला चुना उघडा पडतो. परंतु कॅल्शियम सल्फेटची गोष्ट याहून निराळी आहे.

क्षार विरघळतो म्हणजे त्याचे धनभारित व ऋणभारित कण, अर्थात आयन, सुटे होतात. पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाभोवती कडे करतात, आणि आयनांमधील ओढ सुमारे 80 पटींनी कमी होते. पाणी तापले की रेणूंची धावपळ वाढून हे कडे सैल पडते. सोऱ्याचा स्फटिक फोडण्यास उष्णतेचे साहाय्यच होते; कॅल्शियम सल्फेटचे मात्र त्यात नुकसान अधिक. म्हणून ते तापत्या पाण्यातून बाहेर पडते.

उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांपलीकडे फारसे जात नाही. बंद बॉयलरमध्ये दाब दहा वातावरणांएवढा झाला, की ते सुमारे 180 अंशांना उकळते. अशा ठिकाणी कॅल्शियम सल्फेट सर्वांत तप्त अशा नळीच्या भिंतीवरच बसते. हा थर उष्णता पुढे जाऊ देत नाही. नळीचे पोलाद अतोनात तापून मऊ पडते, फुगते आणि अखेर फुटते. जवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवावर बेतते. म्हणूनच बॉयलरचे पाणी आधी शुद्ध करून घेतात.

तापमान 374 अंशांवर व दाब सुमारे 218 वातावरणांवर गेला, की पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. पूर्वीच्या 80 पटींच्या जागी आता 5-6 पटींचेच सामर्थ्य राहते. नागपूरजवळील कोराडी येथे 660 मेगावॅटचे संच याहून अधिक दाबावर चालतात. तेथे साध्या मिठाचा अंशही चालत नाही. तो नळ्यांत वा टर्बाइनच्या पात्यांवर साचतो.

हाच खेळ निसर्गाने समुद्रतळाशी मांडला आहे. 1979 साली 'अल्विन' या पाणबुडीतून शास्त्रज्ञांनी मेक्सिकोजवळ पॅसिफिक महासागरात सुमारे 2,600 मीटर खोलीवर काळा धूर ओकणारी धुरांडी पाहिली. तेथील पाणी 350 अंशांच्या आसपास तप्त होते, परंतु सुमारे 260 वातावरणांच्या दाबाखाली ते उकळत नव्हते. त्या उष्ण पाण्याला भिडताच थंड समुद्रजल तापते, आणि त्यातील कॅल्शियम सल्फेट बाहेर पडून धुरांड्याची पहिली भिंत रचते. उलट उष्ण पाण्याने खडकांतून आणलेले लोखंड, तांबे व जस्त थंडीचा स्पर्श होताच गंधकाशी संयोग पावून बाहेर पडतात. तोच तो काळा धूर. एक क्षार उष्णतेने घडला, दुसरा गारव्याने. धुरांडे विझून थंड झाले, की ते कॅल्शियम सल्फेट हळूहळू पुन्हा समुद्रात विरघळून जाते.

तात्पर्य, आपण पाठ केलेला नियम खोटा नव्हे, अपुरा आहे. कोणता क्षार, किती तापमान आणि किती दाब, हे तिन्ही प्रश्न विचारल्याविना पाणी उत्तर देत नाही. हे तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या. घरच्या बंबातील पांढरे पूटही मग आपल्याला पुष्कळ शिकवील.