नजरेने कळप वळवणारा कुत्रा

लांडगा भक्ष्यावर नजर रोखतो, दबकत पुढे सरकतो, पाठलाग करतो, चावतो आणि ठार मारतो. मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉलीमध्ये माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून यातले पहिले तीन टप्पे ठळक केले आणि शेवटचे दोन दाबून टाकले.

या जातीचा मूळपुरुष म्हणजे १८९३ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड भागात जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’. ॲडम टेल्फर यांनी त्याच्यासाठी दोन टोकांची जोडी जुळवली होती. बाप रॉय मनमिळाऊ, पण नजरेत जोर नसलेला. आई मेग जबरदस्त नजरेची, पण बुजरी आणि ताठ. हेम्प निपजला तो शांत आणि तरीही कळपावर जरब ठेवणारा. न भुंकता, न चावता तो मेंढ्या वळवायचा. त्यामुळे मेंढपाळांनी त्याच्यापासून भरपूर पिल्ले घेतली.

मात्र स्वभाव एखाद्या जनुकावर ठरत नाही. अनेक जनुके आणि संगोपन मिळून तो घडतो. म्हणून पिल्लू निवडताना रंगरूपावर जाऊ नका, आईबापांचे वागणे पाहा. आणि या कुत्र्याला रोज भरपूर काम देता येणार नसेल, तर तो घरी आणूच नका.