ई-मेल उघडायला वेळ लागतो? आधी डिस्क बघा



आपल्या पेडणे-डिचोलीतल्या बऱ्याच घरांत दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप अजून वापरात आहे. त्यावरच्या आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये आखातातल्या मुलांनी पाठवलेले फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, मंडळाची इतिवृत्ते असा मोठा ऐवज साठलेला असतो. हा प्रोग्राम उघडायला पाच-पाच मिनिटे लागू लागली, की "नवा संगणक घ्या" असा सल्ला मिळतो. बहुतेक वेळा तेवढ्या खर्चाची गरज नसते. एखादा भाग बदलून काम भागते, फक्त तो कोणता हे कळले पाहिजे.

माझ्या सवयीप्रमाणे बँकेचे उदाहरण देतो. प्रोसेसर म्हणजे काउंटरवरचा कारकून, रॅम म्हणजे त्याच्यासमोरचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे मागची रेकॉर्ड रूम. ई-मेलच्या कामात आकडेमोड थोडी, वह्या काढणे-ठेवणे जास्त. कारकून कितीही चलाख असला तरी वही येईपर्यंत तो बसूनच राहणार.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणारी तबकडी असते. विखुरलेली माहिती वाचताना ती सेकंदाला साधारण शंभर ठिकाणीच पोचते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही, त्यामुळे ती हजारो ठिकाणी पोचते.

अडचण कुठे आहे हे घरीच तपासता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मग ई-मेल सुरू करून आकडे बघा. मेमरी सतत 85-90 टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडते आहे. मेमरी मोकळी, पण डिस्क 100 टक्क्यांवर अडकलेली असेल तर एसएसडी हवी. दोन्ही आकडे कमी असून केवळ पत्रे यायला उशीर होत असेल तर दोष बहुधा इंटरनेटचा. तिथे नवा भाग बसवून उपयोग नाही.

आता कामाचा क्रम.

1. आधी सगळ्या पत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. खाते जुन्या पॉप पद्धतीचे असेल तर पत्रे फक्त तुमच्याच संगणकावर असू शकतात. डिस्क गेली की ती कायमची गेली.

2. नको असलेली पत्रे काढा आणि नंतर 'कॉम्पॅक्ट' करा. नुसते डिलीट केल्याने फाइल लहान होत नाही. या कामाला पैसाही लागत नाही.

3. एसएसडी बसवा. जुन्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा एसएसडी सहसा चालते. जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नवीवर उतरवून द्यायला दुकानदाराला सांगा. जुनी डिस्क लगेच पुसू नका.

4. रॅम 4 जीबी असेल तर 8 करा. डीडीआर3 आणि डीडीआर4 एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून मॉडेल लिहून घेऊनच म्हापशाला जा.

5. केवळ ई-मेलसाठी प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड बदलू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. बरेच जुने संगणक त्यात बसत नाहीत. तुमचा बसत नसेल तर जुन्या रॅमवर पैसे घालू नका. एसएसडी मात्र पुढे नव्या डेस्कटॉपला लावता येते, ते पैसे फुकट जात नाहीत.

शेवटी यूपीएस. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, आणि फाइलवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते. एसएसडी वेग देते, पण सुरक्षितता देत नाही. म्हणून प्रत दर महिन्याला घ्यावी आणि ती डिस्क संगणकाला जोडून न ठेवता कपाटात ठेवावी.