रायमनच्या फळ्या

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय. 'ग्रँड ओल ओप्री' या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाने 1974 साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं रायमन सभागृह सोडलं, तेव्हा जाताना स्टेजचा एक गोल तुकडा कापून नेला, असं मी मागे ओझरतं लिहून गेलो होतो. त्यांचा प्रश्न साधा आहे: मग रायमनच्या स्टेजला भोक पडलं असेल, त्याचं काय केलं?

भोक बुजवलं, त्यात काही गूढ नाही. पण तो तुकडा आणि एकूणच रायमनच्या फळ्या हा माझ्या आवडीचा विषय. त्यामुळे आजचा भाग फळ्यांना. ठरलेला विषय थोडा थांबेल.

तुकडा ओकच्या लाकडाचा, सहा फूट व्यासाचा. शहराबाहेर ओप्रीसाठी जे नवं नाट्यगृह बांधलं, त्याच्या स्टेजच्या ऐन मध्यावर तो बसवला. नवी जागा रायमनच्या जवळजवळ दुप्पट मोठी, वातानुकूलित, कलाकारांना स्वतंत्र मेकअपच्या खोल्या. रायमनमध्ये यातलं काहीच नव्हतं. 16 मार्च 1974 ला उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन आले आणि पियानो वाजवून गेले. पण एवढ्या थाटामाटात गवयांना हवा होता तो जुन्या जागेचा अंश. ताज्या दुधात जुन्या दह्याचं विरजण घालावं तसा तो गोल तिथे घातला गेला. आजही कंट्री संगीतातला नवखा गायक ओप्रीत पहिल्यांदा येतो तेव्हा त्या गोलात पाऊल ठेवताना चाचरतो. कुणी वाकून हात लावतं, कुणाचे डोळे भरून येतात. ज्या फळ्यांवर कंट्रीचा थोर गायक हँक विल्यम्स उभा राहिला त्याच फळ्यांवर आपण, ही ती भावना.

इथे माझ्यातला खवचट माणूस जागा होतो. त्या फळ्या कधीच्या?

रायमन मुळात प्रवचनांसाठी बांधलं, 1892 साली, हे आपण पहिल्या भागात पाहिलं. तेव्हा तिथे नाट्यगृहात असतं तसं स्टेजच नव्हतं. ते झालं 1901 मध्ये, न्यूयॉर्कची मेट्रोपॉलिटन ऑपेरा आली म्हणून. ते स्टेज पन्नास वर्षं टिकलं. 1919 मध्ये ऑपेरा-गायक कारुसो गायला तो त्यावर. 1943 मध्ये ओप्री रायमनमध्ये आली तीही त्यावरच. 1951 मध्ये स्टेज बदललं, आणि 1974 साली तुकडा कापला तो या दुसऱ्या स्टेजमधून.

आता तारखा जुळवून पाहा. डिसेंबर 1945 मध्ये बिल मन्रोच्या वाद्यवृंदात अर्ल स्क्रग्ज हा कोवळा बँजोवादक दाखल झाला. तीन बोटांनी तो असा काही वाजवायचा की रायमनमधले लोक बाकांवरून उठून उभे राहायचे. ब्लूग्रास या कंट्री संगीताच्या शैलीचा जन्म इथला मानतात. ती जुनी फळी. 11 जून 1949: हँक विल्यम्स ओप्रीत पहिल्यांदा 'लव्हसिक ब्लूज' गायला, आणि लोकांनी त्याला सहा वेळा परत बोलावलं अशी आख्यायिका आहे. तीही जुनीच फळी. म्हणजे ज्या रात्रीसाठी लोक त्या गोलात डोळे पुसतात, ती रात्र त्या गोलाने पाहिलेलीच नाही!

हँक नव्या फळ्यांवर उभा राहिला, नाही असं नाही. पण ऑगस्ट 1952 मध्ये दारूपायी ओप्रीने त्याला काढून टाकलं आणि 1953 च्या पहिल्याच दिवशी तो गेला. त्याच्या वाट्याला या फळ्या जेमतेम वर्ष-दीड वर्ष आल्या, आणि तेही त्याच्या उतरणीचं.

याने त्या गोलाचं मोल कमी होतं असं मात्र मला वाटत नाही. 1951 ते 1974 हा काळ काही लहानसहान नव्हे. 2 ऑक्टोबर 1954 ला एकोणीस वर्षांचा एल्व्हिस प्रेस्ली याच फळ्यांवर बिल मन्रोचंच 'ब्लू मून ऑफ केंटकी' स्वतःच्या ढंगात गायला. ओप्रीत त्याचं गाणं झालं ते तेवढंच. पॅट्सी क्लाइन, लोरेटा लिन या गायिका इथेच मोठ्या झाल्या. मन्रो आणि स्क्रग्जही पुढे वर्षानुवर्षं याच लाकडावर वाजवत राहिले. पुरे की!

मला खरं खटकतं ते वेगळंच. ज्या विमा कंपनीच्या मालकीची ओप्री होती, तिनेच तुकडा जपून नेला आणि मागे उरलेली इमारत पाडायचा घाटही तिनेच घातला. जो मीलझिनर या नामांकित नेपथ्यकाराला 1971 मध्ये पाहणीला बोलावलं. त्याने बांधकामाला नावं ठेवून पाडा असाच सल्ला दिला. विटा काढून नव्या करमणूक उद्यानात एक छोटं प्रार्थनामंदिर बांधायचा बेत होता. त्यावर 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वास्तुसमीक्षक एडा लुईस हक्स्टेबल यांनी सडकून टीका केली, गावातलेही बरेच जण उभे राहिले, आणि पाडकाम टळलं. आतली डागडुजी मात्र बरीच वर्षं कुणी केली नाही. 1991 मध्ये गायिका एमिलू हॅरिसने तिथे आपल्या ध्वनिमुद्रिकेसाठी कार्यक्रम केले, तेव्हा गॅलरी इतकी कुजलेली होती की तिच्यावर किंवा तिच्याखाली कुणाला बसू देत नव्हते. दोन हजारांवर माणसं मावणाऱ्या सभागृहात जेमतेम दोनशे श्रोते. ती ध्वनिमुद्रिका अवश्य ऐका. दुरुस्तीला पैसा निघाला त्यामागे तिचा हात मोठा आहे. 1994 मध्ये रायमन पुन्हा उघडलं.

नियतीचा विनोद पुढे आहे. मे 2010 मध्ये कंबरलँड नदीला पूर आला आणि नव्या, सुरक्षित ओप्री हाउसच्या स्टेजवर जवळजवळ चार फूट पाणी चढलं. तो गोलही बुडाला. बाहेर काढून, सुकवून, दुरुस्त करून परत बसवावा लागला. ज्याला पाडायचं ठरवलं होतं ते रायमन मात्र कोरडं ठणठणीत. नवं घर दुरुस्त होईपर्यंत ओप्रीचे काही प्रयोग तिथेच झाले.

उरली गोष्ट रायमनच्या स्वतःच्या स्टेजची. 1951 च्या ओकने एकसष्ट वर्षं काढली. 2012 मध्ये ते बदलावंच लागलं. हल्लीच्या कार्यक्रमांना लागणारं सामान त्या फळ्यांना पेलवेना. खालच्या हिकरीच्या जुन्या तुळया ठेवल्या, त्यांना आधार दिला आणि वर ब्राझिलियन सागाची फरशी घातली. पण स्टेजच्या पुढच्या कडेला 18 इंच रुंदीची जुन्या ओकची पट्टी तशीच राखली. दिवसा तिकीट काढून सभागृह बघता येतं, स्टेजवर उभं राहून फोटोही काढून देतात. मी गेलो तेव्हा बाकीचे कॅमेऱ्याकडे बघत होते, मी बुटांच्या टोकापुढे बघत होतो. सागावरून नजर पुढे सरकली की मध्येच लाकूड बदलतं, चरे आणि खोचा पडलेलं.

मला ही पट्टी त्या गोलाहून जास्त आवडते. गोलाला मान मिळाला, पण जागा सुटली. पट्टी जिथे ठोकली तिथेच आहे. शिवाय गायक माइकपाशी सागावर उभा असतो. ओकवर पाय पडतो तो रंगात येऊन कडेपर्यंत धावणाऱ्याचाच. 1965 मध्ये गायक जॉनी कॅश याच कडेवरून माइकचा दांडा फरफटत गेला आणि ओळीने लावलेले दिवे फोडत सुटला. तीच गोष्ट या आठवड्यात सांगायची कबूल केली होती. ती आता पुढच्या रविवारी.